विश्लेषण : व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ‘एपीके’ फाईल खरी की खोटी? डाउनलोड केलेली फाईल तपासायची कशी?

लग्नपत्रिका, वाहतूक चलन, ‘पीएम किसान’चा हप्ता अशा नावांनी येणाऱ्या फाईलींमुळे बँक खाती रिकामी होत आहेत. बारामती-इंदापूरसारख्या तालुक्यांत शेतीची बहुतेक कामे मोबाईलवर आल्याने हा धोका थेट बांधापर्यंत पोहोचला आहे. फाईल उघडण्याआधी ती पारखण्याचे काही सोपे मार्ग आहेत. ते कोणते, आणि ही जबाबदारी एकट्या वापरकर्त्याची आहे का, याचा हा आढावा.

ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतील एका शासकीय कर्मचाऱ्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाचे निमंत्रण आले. ३० ऑगस्टला लग्न आहे, अगत्याने यावे, असा मजकूर आणि खाली पीडीएफसारखी दिसणारी एक फाईल. ती पत्रिका नव्हती, मोबाईल अ‍ॅपची फाईल होती. ती उघडल्यानंतर त्या कर्मचाऱ्याच्या खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. याच पद्धतीने लग्नपत्रिकांच्या नावाने फसवणूक होत असल्याचा इशारा हिमाचल प्रदेश पोलिसांनी नोव्हेंबर २०२४ मध्येच दिला होता. म्हणजे युक्ती जुनी होती, तरीही ती चालली. कारण फाईल उघडण्याआधी ती तपासायची असते, हे बहुतेकांना कोणी सांगितलेलेच नाही.

बारामती-इंदापूरसाठी हा विषय का महत्त्वाचा?

नीरा डाव्या कालव्यावरचा आणि उजनीच्या फुगवट्याकाठचा हा पट्टा उसाचा, डाळिंबाचा, द्राक्षाचा. इथला शेतकरी गेल्या काही वर्षांत मोबाईलवर नुसता बोलत नाही, कामेही करतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपल्या शेतातल्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः अ‍ॅपवर करायची पद्धत आली. ‘पीएम किसान’चे वर्षाला ६ हजार आणि राज्याच्या ‘नमो शेतकरी’ योजनेचे ६ हजार रुपये थेट खात्यावर जमा होतात. महाडीबीटीवरचा अर्ज, पीकविमा, ई-केवायसी, सातबारा हे सारे ऑनलाइन झाले. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ऊस प्रयोगात तर पाणी कधी द्यायचे, खत किती टाकायचे, याचा सल्लाही मोबाईलवर मिळतो.

त्यामुळे ‘हप्ता’, ‘अनुदान’, ‘केवायसी’, ‘ऊसबिल’ असे शब्द असलेला मेसेज इथे कोणी न वाचता सोडत नाही. फसवणाऱ्यांना हे पक्के ठाऊक आहे. हप्ता जमा होण्याच्या किंवा केवायसीची मुदत संपण्याच्या दिवसांत गावच्या ग्रुपवर आलेल्या फाईलीचे नाव ‘पीएम किसान नवीन यादी’ असेल, तर दहापैकी एक जण तरी ती उघडणार, एवढा हिशेब त्यामागे असतो.

‘एपीके’ म्हणजे नेमके काय?

अँड्रॉइड फोनमध्ये जे अ‍ॅप बसते, त्याचे गाठोडे म्हणजे एपीके फाईल. प्ले स्टोअरवर ‘इन्स्टॉल’ दाबले की हेच गाठोडे गूगलच्या सर्व्हरवरून उतरते आणि फोनमध्ये आपोआप सोडले जाते. म्हणून एपीके ही वस्तू मुळात वाईट नाही. ती कुठून आली, हा प्रश्न आहे.

फोटो, पीडीएफ, व्हिडिओ या फाईली बघण्यासाठी असतात. एपीके ही चालवण्यासाठी असते. ती इन्स्टॉल करणे म्हणजे अनोळखी माणसाला घरात घेऊन किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातात देणे. लग्नपत्रिका बघायला अ‍ॅप बसवावे लागत नाही. चलन भरायलाही लागत नाही. पत्रिका, चलन, पावती, यादी किंवा बिल या नावाची फाईल एपीके निघाली, तर पुढे काही तपासण्याची गरज नाही. ती खोटीच आहे.

नाव बघताना एक काळजी घ्यावी. फाईलीचे खरे स्वरूप नावाच्या अगदी शेवटी लिहिलेले असते. ‘लग्नपत्रिका डॉट पीडीएफ डॉट एपीके’ असे नाव असेल, तर ती पीडीएफ नाही. लांब नाव फोनच्या छोट्या पडद्यावर मध्येच तुटते आणि शेवटचे शब्द दिसत नाहीत. त्यामुळे फाईलीवर बोट ठेवण्याआधी पूर्ण नाव वाचावे.

ओळखीच्या माणसाकडूनच ही फाईल कशी येते?

‘पाठवणारा आपला मेव्हणाच आहे, तो कशाला फसवेल?’ हा प्रश्न रास्त आहे. पण अशी अनेक बनावट अ‍ॅप फोनमध्ये बसली की त्या फोनमधल्या व्हॉट्सअ‍ॅपचा ताबा घेतात आणि तीच फाईल सगळ्या संपर्कांना व ग्रुपना पुढे पाठवतात. मेव्हण्याला त्याचा पत्ताही नसतो. त्यामुळे पाठवणारा ओळखीचा असणे, हा फाईल खरी असल्याचा पुरावा नाही. सरळ फोन लावून विचारावे, ‘दाजी, तुम्ही काही पाठवलंय का?’ उत्तर ‘नाही’ आले, तर त्यांचा फोन आधीच अडचणीत आहे, हेही त्यांना तेव्हाच कळेल.

अ‍ॅप बसल्यावर ते काय करते?

इन्स्टॉल झाल्यावर हे अ‍ॅप परवानग्या मागते. मेसेज वाचू द्या, नोटिफिकेशन बघू द्या, ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ चालू करा. यातली शेवटची परवानगी मुळात दृष्टिहीन किंवा अपंग व्यक्तींच्या सोयीसाठी आहे. ती मिळाली की अ‍ॅप पडद्यावरचे सर्व वाचू शकते आणि वापरकर्त्याच्या वतीने बटणेही दाबू शकते. मेसेज वाचण्याची परवानगी म्हणजे बँकेचा ओटीपी थेट चोराच्या हाती. मग ‘मी कोणालाच ओटीपी सांगितला नाही’ हे खरे असूनही पैसे जातात.

नुसती फाईल डाउनलोड झाली म्हणून सहसा काही बिघडत नाही. नुकसान सुरू होते ते ‘इन्स्टॉल’ आणि ‘अलाऊ’ दाबल्यावर. फाईल उतरली असेल आणि उघडली नसेल, तर ती डिलीट करावी. घाबरून फोन फॉरमॅट करण्याची गरज नाही.

फाईल तपासणे म्हणजे काय?

उसाची ट्रॉली कारखान्यात नेण्याआधी बाहेरच्या काट्यावर वजन करून घेणारे शेतकरी या पट्ट्यात नवे नाहीत. बाहेर भरलेले वजन आणि कारखान्याच्या काट्यावरचे वजन जुळले, म्हणजे वाटेत आणि काट्यावर काही गडबड झाली नाही. फाईलीचेही असेच ‘वजन’ करता येते. त्याला हॅश किंवा चेकसम म्हणतात.

फाईल कितीही मोठी असो, एका ठरावीक गणिती पद्धतीने तिच्यातून अंक-अक्षरांची एक ओळ निघते. ‘एसएचए-२५६’ या सध्या रुळलेल्या पद्धतीत ही ओळ बरोबर ६४ चिन्हांची असते. चार जीबीच्या फाईलीत एक स्वल्पविराम बदलला, तरी ती सगळी ओळ वेगळीच येते. काट्यावर दगड ठेवून वजन जुळवता येईल, पण एसएचए-२५६ची ओळ जुळवून दुसरी फाईल बनवण्याची रीत अजून कोणाला सापडलेली नाही.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अनेक संस्था आपल्या संकेतस्थळावर फाईलीशेजारी ही ओळ छापतात. आपण फाईल उतरवायची, तिची ओळ आपल्या यंत्रावर काढायची आणि छापलेल्या ओळीशी ताडून बघायची. जुळली, तर त्यांनी ठेवलेली फाईल आणि आपल्याकडे आलेली फाईल एकच आहे. जुळली नाही, तर एक तर डाउनलोड अर्धवट झाले किंवा फाईलीत कोणीतरी हात घातला. दोन्ही वेळा ती वापरायची नाही.

‘एमडी-५’ आणि ‘एसएचए-१’ या जुन्या पद्धतींवर आता विसंबू नये. एमडी-५ फसवता येते हे २००४ मध्येच दिसले. एसएचए-१च्या बाबतीत गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये दोन वेगळ्या पीडीएफ फाईलींची एकच ओळ काढून दाखवली. त्यामुळे पानावर दोन-तीन प्रकारच्या ओळी छापलेल्या असतील, तर २५६ लिहिलेली घ्यावी.

कॉम्प्युटरवर हे कसे करायचे?

महा ई-सेवा केंद्र चालवणारे, कॉलेजचे विद्यार्थी, पतसंस्थेतले कर्मचारी यांच्या हे थेट कामाचे आहे. अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर, प्रिंटरचे सॉफ्टवेअर, मराठी टायपिंगचे साधन, लिनक्सची फाईल अशी डाउनलोड त्यांना वरचेवर करावी लागतात.

पहिली पायरी, फाईल कुठून घ्यायची. सर्च केल्यावर सर्वात वर येणारी लिंक ही अनेकदा जाहिरात असते. मशीनच्या खोक्यावर कंपनीचा जो पत्ता छापलेला आहे, तोच ब्राउझरमध्ये टाइप करावा.

दुसरी पायरी, सही बघणे. विंडोजमध्ये फाईलीवर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे. तिथे ‘डिजिटल सिग्नेचर्स’ असा कप्पा दिसला, तर त्यात सही करणाऱ्या कंपनीचे नाव असते. ते नाव मशीनच्या कंपनीचेच आहे का, हे बघावे. इन्स्टॉल करताना विंडोज जी परवानगीची चौकट दाखवते, तिच्यातही प्रकाशकाचे नाव असते. तिथे ‘अननोन पब्लिशर’ आले, तर हात आवरावा. काही चांगल्या छोट्या सॉफ्टवेअरवरही सही नसते, हे खरे. अशा वेळी तिसरी पायरी उपयोगी पडते.

तिसरी पायरी, हॅश काढणे. ‘सेव्हन-झिप’ हे मोफत सॉफ्टवेअर बसवलेले असेल, तर फाईलीवर उजवे क्लिक केल्यावर ‘सीआरसी एसएचए’ असा पर्याय येतो. विंडोज ११मध्ये तो कधी ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या आत असतो. त्यात एसएचए-२५६ निवडले की ६४ चिन्हांची ओळ समोर येते. काहीच बसवायचे नसेल, तर विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाईलहॅश’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करून, एक जागा सोडून फाईल ओढून तिथे टाकावी आणि एंटर दाबावे. ओळ ताडताना पहिली चार आणि शेवटची चार चिन्हे बघून थांबू नये. दोन्ही ओळी नोटपॅडमध्ये एकाखाली एक चिकटवल्या की फरक लगेच दिसतो. अक्षरे मोठ्या लिपीत की छोट्या, याने फरक पडत नाही.

आणि फोनवर?

फोनवर बहुतेक काम प्ले स्टोअर आणि अँड्रॉइड स्वतःच करतात. प्रत्येक अ‍ॅपवर ते बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. आधीच बसलेल्या अ‍ॅपचे नवे रूप आले, तर अँड्रॉइड जुनी आणि नवी सही ताडून बघते. ती वेगळी निघाली, तर अपडेट नाकारले जाते. म्हणून ‘जुने अ‍ॅप काढून टाका आणि मग ही फाईल टाका’ असे कोणी सांगू लागले, की सावध व्हावे. सही जुळत नाही, म्हणूनच तसे सांगितले जात असण्याची शक्यता मोठी असते.

वापरकर्त्याने पुढील गोष्टी एकदा बसून कराव्यात.

१. सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स’ शोधावे. तिथे व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, टेलिग्राम, फाइल्स या प्रत्येकासमोर ‘नॉट अलाऊड’ असल्याची खात्री करावी. एवढे केले, तर चुकून बोट लागले तरी फोन अडवतो.

२. प्ले स्टोअरमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर टिचकी मारून ‘प्ले प्रोटेक्ट’ उघडावे आणि ‘स्कॅन’ करावे. इन्स्टॉल करण्यासाठी प्ले प्रोटेक्ट बंद करायला सांगणारा माणूस किंवा मेसेज हा चोराचाच समजावा.

३. सरकारी अ‍ॅप शोधताना प्ले स्टोअरमध्ये नाव टाकून पहिले दिसेल ते घेऊ नये. त्या खात्याच्या संकेतस्थळावर जाऊन तिथल्या लिंकवरून प्ले स्टोअरमध्ये जावे. अ‍ॅपच्या नावाखाली ते बनवणाऱ्याचे नाव असते, तेही वाचावे.

४. पत्ता उजवीकडून वाचावा. सरकारी संकेतस्थळांच्या पत्त्याचा शेवट ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असा असतो आणि तो कोणालाही विकत घेता येत नाही. ‘पीएमकिसान-जीओव्ही डॉट कॉम’ यात ‘जीओव्ही’ आहे, पण शेवटी ‘कॉम’ आहे, म्हणजे तो सरकारी नाही. बँकांसाठीही रिझर्व्ह बँकेने आता ‘डॉट बँक डॉट इन’ हा शेवट ठरवून दिला आहे. त्यासाठी बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंतची मुदत होती.

५. फाईलीबद्दल शंका असेल, तर ‘व्हायरसटोटल’ या संकेतस्थळावर ती टाकून बघता येते. ७०हून अधिक अँटिव्हायरस तिची तपासणी करतात आणि तिची एसएचए-२५६ ओळही तिथे दिसते. मात्र आपला सातबारा, आधार किंवा पासबुकाची फाईल तिथे टाकू नये, कारण टाकलेली फाईल इतर तपासनीसांनाही बघता येते. शिवाय तिथे सगळे हिरवे दिसले, तरी ती हमी नव्हे. काल रात्री बनवलेले बनावट अ‍ॅप आज सकाळी कोणाच्याच यादीत नसू शकते.

हॅश जुळला, म्हणजे फाईल सुरक्षितच का?

नाही. हॅश जुळला म्हणजे छापलेली ओळ आणि फाईल यांची जोडी बरोबर आहे, एवढेच. ती ओळ कोणी छापली, हे वेगळे बघावे लागते. याची तीन उदाहरणे माहीत असावीत.

मे २०१७ मध्ये ‘हँडब्रेक’ या व्हिडिओच्या मोफत सॉफ्टवेअरच्या दोनपैकी एका सर्व्हरवर हल्लेखोरांनी मॅकसाठीची फाईल बदलून ठेवली. २ ते ६ मे या काळात ती उतरवणाऱ्यांपैकी अनेकांच्या वाट्याला बनावट फाईल आली. इथे ज्यांनी हॅश ताडला असता, त्यांना फरक तिथल्या तिथे कळला असता.

फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘लिनक्स मिंट’चे संकेतस्थळच हल्लेखोराच्या ताब्यात गेले. २० फेब्रुवारीला उतरवलेल्या काही फाईलींमध्ये चोरवाट होती. पानावर छापलेली ओळही आपण बदलल्याचे हल्लेखोराने नंतर सांगितले. ज्या पानावरून फाईल घेतली, त्याच पानावरची ओळ ताडली, तर चोराच्याच काट्यावर दोनदा वजन केल्यासारखे होते. म्हणून शक्य असेल तिथे ओळ दुसरीकडून मिळवावी किंवा डिजिटल सही तपासावी.

डिजिटल सही म्हणजे काय, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. १ मे २०१८ पासून मिळणाऱ्या डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यावर तीच असते. त्याच्यावर शिक्का नसतो, पण पडताळणी क्रमांक टाकला की उतारा खरा आहे का, ते महाभूमीच्या संकेतस्थळावर कळते. बँकेने उतारा हातात घेऊन ‘दिसतो तर खरा’ असे म्हणणे आणि क्रमांक टाकून बघणे यात जो फरक आहे, तोच फाईलीचे चिन्ह बघणे आणि सही तपासणे यात आहे.

तिसरे उदाहरण सर्वात अवघड आहे. ऑगस्ट-सप्टेंबर २०१७ मध्ये ‘सीसीक्लीनर’ या लोकप्रिय सॉफ्टवेअरची ५.३३ ही आवृत्ती कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून, कंपनीच्या खऱ्या सहीनिशी वाटली गेली, आणि तरी तिच्यात विषारी भाग होता. हल्लेखोर कंपनीच्या आतच शिरले होते. सुमारे २२ लाख ७० हजार वापरकर्त्यांपर्यंत ती पोहोचली. इथे ना हॅश उपयोगी पडला असता, ना सही.

बियाण्याच्या पिशवीचे असेच आहे. प्रमाणित बियाण्याला निळा टॅग असतो, पायाभूत बियाण्याला पांढरा. टॅग आणि सील शाबूत असले, पक्के बिल घेतले, तर बोगस बियाण्याचा धोका खूप कमी होतो. तो शून्यावर येत नाही. पण म्हणून कोणी टॅग बघायचे सोडत नाही.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फाईलीचे काय? तिच्यासोबत ताडून बघायला कोणाचीच ओळ नसते. चोराने स्वतः ओळ पाठवली, तर ती त्याच्या फाईलीशी जुळणारच. त्याच्या अ‍ॅपवर सहीही असते, फक्त ती त्याची स्वतःची असते. म्हणून अशा फाईलीची तपासणी करत बसण्यापेक्षा ती न घेणे, हाच उपाय.

‘क्रॅक’ केलेल्या सॉफ्टवेअरचे काय?

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी, फोटो स्टुडिओसाठी, दुकानाच्या हिशेबासाठी पैसे न भरता ‘क्रॅक’ वापरण्याची सवय सर्वत्र आहे. क्रॅक म्हणजे मुळातच कोणीतरी आत हात घालून बदललेली फाईल. तिचा हॅश मूळ कंपनीच्या हॅशशी कधीच जुळणार नाही, सही तुटलेली असते आणि सूचनांमध्ये पहिलेच वाक्य ‘अँटिव्हायरस बंद करा’ असे असते. ज्या कॉम्प्युटरवर गावाचे आधार-पासबुक स्कॅन होतात, त्याच्यावर अशी फाईल चालवणे हा आपल्यापुरता धोका राहत नाही. ऑफिससाठी लिबरऑफिस, फोटोंसाठी गिम्प, आराखड्यांसाठी फ्रीकॅड असे मोफत आणि कायदेशीर पर्याय आहेत.

चुकून इन्स्टॉल झालेच तर?

इथे मिनिटे महत्त्वाची असतात. क्रम असा ठेवावा.

सर्वात आधी फोनचे इंटरनेट बंद करावे. मोबाईल डेटा आणि वायफाय दोन्ही. मग सिमकार्ड काढून साध्या कीपॅड फोनमध्ये टाकावे. त्याने बँकेचे मेसेज त्या अ‍ॅपच्या हाती लागत नाहीत आणि आपल्याला फोनही करता येतो.

त्याच फोनवरून १९३० हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा क्रमांक लावावा आणि बँकेलाही कळवून खाते, कार्ड व यूपीआय थांबवायला सांगावे. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत असतानाच ते गोठवता येतात, एकदा काढले गेले की हाती लागणे कठीण. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्या चुकीमुळे नुकसान झाले असले, तरी बँकेला कळवल्यानंतर होणाऱ्या अनधिकृत व्यवहारांचा भार बँकेवर असतो. त्यामुळे तक्रारीची वेळ आणि क्रमांक लिहून ठेवावा.

त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. ज्या चॅटमध्ये फाईल आली, तिचे आणि अ‍ॅपच्या नावाचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवावेत. हे झाल्यावरच अ‍ॅप काढावे आणि फोन फॅक्टरी रिसेट करावा. यूपीआय पिन, बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलावेत.

आणि ज्या ग्रुपवर आपल्या नावाने फाईल गेली असेल, तिथे लगेच सांगावे. लाज वाटून गप्प बसण्यात शेजाऱ्याचे नुकसान आहे.

ही जबाबदारी एकट्या वापरकर्त्याची आहे का?

अशा प्रत्येक घटनेनंतर ‘नागरिकांनी सावध राहावे’ असे आवाहन निघते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. शेतकऱ्याला ई-पीक पाहणी, केवायसी, अर्ज यांसाठी मोबाईल वापरणे भाग पडले ते व्यवस्थेमुळे. मग खरे अ‍ॅप ओळखण्याची सोय करून देणे हेही व्यवस्थेचेच काम आहे.

त्यासाठी फार खर्चाची गरज नाही. पहिली गोष्ट, कोणत्याही सरकारी कार्यालयाने, कारखान्याने, पतसंस्थेने, शाळेने एपीके फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर कधीच पाठवू नये, आणि तसे जाहीर करावे. ‘आम्ही फाईल पाठवत नाही’ हे वाक्य लोकांना पाठ झाले, की फाईल आली म्हणजे खोटी, हे ओळखायला तांत्रिक ज्ञान लागणार नाही. आज अडचण अशी आहे की खऱ्या सूचना आणि खोट्या सूचना एकाच ग्रुपवर, एकाच पद्धतीने येतात.

दुसरी गोष्ट, ग्रामपंचायत, तलाठी कार्यालय, सोसायटी आणि कारखान्याच्या गट कार्यालयाच्या फलकावर अधिकृत अ‍ॅपची नावे आणि प्ले स्टोअरचा क्यूआर कोड छापून लावावा, त्यावर कार्यालयाचा शिक्का असावा. भिंतीवरचा कागद चोराला दिल्लीत किंवा झारखंडात बसून बदलता येत नाही.

तिसरी गोष्ट, जिथे कॉम्प्युटरसाठी सॉफ्टवेअर द्यावेच लागते, तिथे सरकारी संकेतस्थळांनी डिजिटल सही केलेली फाईलच द्यावी आणि एसएचए-२५६ ओळ सोबत छापावी. जगभरचे स्वयंसेवी, पैसे न घेणारे प्रकल्प हे करतात. करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या खात्यांना ते अवघड नाही.

गूगलने उचललेली पावलेही इथे लक्षात घ्यावीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीने भारतात प्ले प्रोटेक्टचा असा प्रयोग जाहीर केला, ज्यात बाहेरून आलेले आणि मेसेज वाचण्यासारख्या परवानग्या मागणारे अ‍ॅप आपोआप अडवले जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये तिने अ‍ॅप बनवणाऱ्यांना ओळख पटवणे बंधनकारक करण्याचे जाहीर केले. ते सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, आणि पुढे २०२७ पासून इतर देशांत लागू करण्याची योजना आहे. त्याने निनावी एपीके कमी होतील. पण तोवर मधले हंगाम जायचे आहेत आणि तोवर हप्तेही येत राहणार आहेत.

स्थानिक पातळीवर माणसांची कमतरता नाही. बारामतीत विद्या प्रतिष्ठानसारख्या संस्थांत अभियांत्रिकीचे विद्यार्थी मोठ्या संख्येने शिकतात. दर जानेवारीत भरणाऱ्या ‘कृषिक’ प्रदर्शनाला शेतकरी लांबून येतात. तिथे ट्रॅक्टर आणि ठिबकच्या शेजारी एक टेबल टाकून, येणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमधले ‘इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स’ बंद करून दिले, तर माणशी दोन मिनिटे लागतील. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात झाडे लावण्याबरोबर हेही करता येईल. गावच्या ग्रुपच्या अ‍ॅडमिनला तर कोणाची वाट बघायची गरज नाही. हप्त्याच्या दिवसांत ग्रुप ‘फक्त अ‍ॅडमिन’वर ठेवणे आणि एपीके दिसताच ती सगळ्यांसाठी डिलीट करणे, एवढे त्याच्या हातात आजही आहे.

बियाण्याचा टॅग बघणे, पावती मागणे, वजन दोनदा करणे हे या भागातल्या शेतकऱ्याला कोणत्याही पुस्तकाने शिकवले नाही. नुकसान सोसून, एकमेकांना सांगून ते अंगवळणी पडले. फाईलीच्या बाबतीत तेवढे नुकसान सोसण्याची वाट बघू नये. सुरुवात म्हणून आज घरातल्या वडीलधाऱ्यांचा फोन हातात घेऊन वरची पहिली सेटिंग बंद करावी, आणि १९३० हा क्रमांक त्यांच्या फोनमध्ये नावानिशी सेव्ह करून द्यावा.